सांगकाम्या, ओ नाम्या!

‘सांगकाम्या, ओ नाम्या’ ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. सांगितले तेवढेच करायचे, त्यापलीकडे डोके चालवायचे नाही, अशा माणसाला आपण सांगकाम्या म्हणतो. पोराला दुकानात पाठवताना आई म्हणते, ‘साखर आहे का बघून ये.’ पोरगं धावत जातं, धावत येतं आणि दारातूनच ओरडतं, ‘आहे!’ साखर कुठाय? ‘तू बघून ये म्हणालीस, आणायला कुठं सांगितलंस?’ आई कपाळावर हात मारून घेते, शेजारीण तोंडाला पदर लावून हसते, आणि पोरगं मात्र आपलं काय चुकलं या विचारात उभं राहतं.

हसायला आम्हालाही येते. पण वर्षानुवर्षे कचेरीत कारकुनी करताना आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देताना अशा गमती आम्ही इतक्या पाहिल्या की एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. अशा वेळी हसे नेहमी ऐकणाऱ्याचेच का व्हावे? सांगणाऱ्याने काय सांगितले आणि कसे सांगितले, याची झडती कुणी का घेत नाही? आज त्याविषयीच चार शब्द.

डास, माश्या आणि माकडे

हा प्रकार काही आजचा नव्हे. पाली जातकसंग्रहातील ४४, ४५ आणि ४६ क्रमांकाच्या तिन्ही कथा ओळीने याच विषयावर आहेत.

पहिली मकस जातक. मकस म्हणजे डास. काशीच्या राज्यातील सीमेवरच्या एका खेड्यात म्हातारा सुतार लाकूड तासत बसला होता. त्याचे टक्कल तांब्याच्या भांड्यासारखे चकाकत होते. त्यावर डास बसला आणि कडकडून चावला. दोन्ही हात कामात गुंतलेले. जवळ बसलेल्या मुलाला तो म्हणाला, ‘पोरा, एवढा डास घालव रे.’ पोरगा आज्ञाधारक! त्याने बापाच्या मागे उभे राहून कुऱ्हाड उचलली आणि नेम धरून हाणली. डास गेला, त्याच्याबरोबर बापही गेला. ही कथा ज्या प्रसंगावरून सांगितली, तो प्रसंगही असाच आहे. मगधातील एका गावच्या लोकांना रानात डास फार चावत. म्हणून गावकरी धनुष्यबाण घेऊन डासांशी लढाईला निघाले आणि एकमेकांनाच बाण मारून घायाळ होऊन पडले.

दुसरी रोहिणी जातक. मुलगी साळी कांडत होती, तिथे आई येऊन जरा आडवी झाली. तोंडावर माश्या बसू लागल्या, तेव्हा मुलीला म्हणाली, ‘माश्या हाकल.’ मुलीने हाताशी असलेले मुसळ उचलले. पुढचे सांगायला नकोच.

तिसरी कथा आरामदूसक जातक, म्हणजे बाग नासवणाऱ्याची कथा. वाराणसीत सण होता. राजाच्या बागेच्या माळ्याला सणाला जायचे होते. बागेत माकडे पुष्कळ. त्याने त्यांना पाण्याच्या पखाली दिल्या, ‘मी येईतो रोपांना पाणी घाला’ असे सांगितले आणि निघून गेला. माकडांचा म्होरक्या मोठा काटकसरी. तो म्हणाला, पाणी वाया जाता कामा नये. प्रत्येक रोप आधी उपटून मूळ बघा. मूळ लांब असेल तर जास्त पाणी, आखूड असेल तर कमी. झाले! पाणी अगदी हिशेबाने पडले आणि बाग मात्र सगळी वाळून गेली.

कथेचा ठपका माकडांच्या अज्ञानावर आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्या म्होरक्याने डोके चालवले नाही, असे कुणी म्हणू नये. त्याने चांगले चालवले. हे पाणी कशासाठी घालायचे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. रोप जगवायचे आहे, हे माळी बोललाच नाही. जमाखर्च जुळला, पण ज्याच्यासाठी खर्च करायचा तेच मेले. असे ताळेबंद आम्ही कचेरीतही पाहिले आहेत.

पढतमूर्खांची वरात

कुणी म्हणेल, शिक्षण नसले की असे व्हायचेच. तर पंचतंत्रातील चार पंडितांची गोष्ट आठवा. चौघे बारा वर्षे शिकून, पोथ्या बगलेत मारून घरी निघाले. वाटेत दोन रस्ते फुटले. कुठल्या रस्त्याने जावे? पोथीत वचन निघाले की महाजन जातील तो मार्ग. एक प्रेतयात्रा चालली होती, तीत गावचे महाजन होते. हे चौघे त्यांच्यामागून थेट मसणवटीत! तिथे एक गाढव उभे होते. स्मशानात जो आपल्याजवळ उभा राहतो तो आपला बांधव, असे पोथीत निघाले. म्हणून त्यांनी गाढवाच्या गळ्यात मिठ्या मारल्या, त्याचे पाय धुतले. तेवढ्यात उंट धावत आला. धर्माची चाल वेगाची असते, म्हणून तो उंट म्हणजे साक्षात धर्म ठरला. आणि बांधवाला धर्माशी जोडून द्यावे, म्हणून गाढव उंटाच्या गळ्यात बांधले! गाढवाचा मालक परीट काठी घेऊन धावला, तेव्हा पंडित पळाले. पुढे नदी लागली. एकाला पोथीतला आधार मिळाला म्हणून त्याने पाण्यावरून वाहत आलेल्या पानावर उडी घेतली आणि तो बुडू लागला. दुसऱ्याला वचन आठवले की सगळे जात असेल तर शहाण्याने अर्धे वाचवावे. त्याने बुडणाऱ्याची मुंडी कापून वाचवली!

सुताराच्या पोराला अक्षर येत नव्हते आणि या चौघांना अक्षराशिवाय काही येत नव्हते. दोघांच्या हातून झाले ते एकच. तेव्हा, ज्याला सांगितलेले कळत नाही तो अडाणीच असतो, हा समज काढून टाकावा. पाठांतर वेगळे, समज वेगळी.

मालकाचा शब्द, नोकराची गंमत

आता याची दुसरी बाजू पाहा. मुद्दाम सांगकाम्या बनून मालकाला धडा शिकवणारेही असतात. जर्मनीत टिल ऑयलेनश्पीगल नावाच्या अशाच एका वल्लीच्या गोष्टी पाचशे वर्षे सांगितल्या जातात. त्यांचे पुस्तक सोळाव्या शतकाच्या आरंभी, १५१० च्या सुमारास, स्ट्रासबुर्ग शहरात छापले गेले. टिल हा शेतकऱ्याचा पोरगा. आज या कारागिराकडे, उद्या त्या कारागिराकडे मजुरी करायचा. तो सगळे काम शब्दाला शब्द लावून करी.

एका शिंप्याने त्याला बजावले, ‘अशी शिव की कुणाला दिसता कामा नये.’ टिल कापड घेऊन पिंपाखाली जाऊन बसला आणि तिथे शिवू लागला! रात्री झोपायला जाताना शिंपी म्हणाला, ‘त्या कोटावर बाह्या टाकून दे.’ कारागिरांच्या बोलीत त्याचा अर्थ बाह्या जोडून दे. टिलने कोट खुंटीला टांगला, दिवे लावले आणि रात्रभर त्यावर बाह्या फेकत राहिला. ब्राउनश्वाइग गावी तो पाव भाजणाऱ्याकडे कामाला होता. ‘आज काय भाजू?’ असे त्याने विचारले. मालक चिडून म्हणाला, ‘भट्टीवाल्याचा गडी तू, आणि मला विचारतोस? घुबडं आणि माकडं भाज!’ सकाळी भट्टीतून खरोखरच पिठाची घुबडे-माकडे निघाली. मालकाने पिठाचे पैसे वसूल करून त्याला हाकलले. टिलने तो माल चर्चसमोर नेऊन विकला आणि पिठाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे कमावले! त्या गावात १९०६ साली बांधलेल्या कारंज्यावर टिलसोबत ही घुबडे-माकडेही बसली आहेत.

या गोष्टी गरीब माणसांत इतक्या का चालल्या असाव्यात, हे आपल्या कामगार वाचकांना समजावून सांगायला नको. अर्धवट हुकूम सोडायचा, विचारले तर खेकसायचे आणि बिघडले की नोकराच्या नावाने शंख करायचा, असा मालक कुणी पाहिला नाही?

याच युक्तीला कामगार चळवळीत ‘नियमानुसार काम’ म्हणतात. संप नाही, घोषणा नाही. नियमपुस्तकात लिहिले आहे तेवढेच, अगदी तसेच करायचे. प्रत्येक तपासणी पूर्ण, प्रत्येक रकाना पूर्ण, प्रत्येक सही जागच्या जागी. थोड्याच वेळात कामाची रांग दारापर्यंत जाते आणि साहेब विनवण्या करू लागतात. याचा अर्थ काय? रोजचे काम नुसत्या नियमांवर चालत नाही. कामगार स्वतःच्या समजुतीने त्यात जी भर घालतो, तिच्यावर ते चालते. त्या भरीचा पगार कुठल्याही मस्टरवर लागत नाही.

आपल्या वस्तीतल्या गमती

आमच्या भागातील जयंती समितीने एकदा फलक रंगवायला दिला. समितीतील एका कार्यकर्त्याने मजकुराची चिठ्ठी पेंटरला पाठवली. सकाळी चौकात फलक लागला, तेव्हा लोक थांबून वाचू लागले. ‘सर्वांचे हार्दिक स्वागत, मोठ्या अक्षरात’. आणि तळाशी ‘जयंती उत्सव समिती, खाली बारीक लिहिणे’. पेंटर म्हणाला, ‘चिठ्ठीत होतं ते सगळं लिहिलंय. एक अक्षर सोडलं नाही.’ खरेच होते ते.

अर्जांच्या कथा तर विचारूच नका. फोटोवर सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यावी, असे सांगितले तर एका तरुणाने फोटोवर स्वतःचे नाव लिहिले आणि कागदावर आडनाव. एका गृहस्थांनी ‘येथे काही लिहू नये’ या चौकटीत नीट अक्षरात लिहिले, ‘बरे, लिहीत नाही’.

आणि एक मावशी. चार घरची धुणीभांडी करून जेमतेम सही शिकलेल्या. अर्जावर छापले होते ‘श्री / श्रीमती / कुमारी’ आणि खाली ‘लागू नसेल ते खोडावे’. त्यांनी तिन्ही शब्द खोडले. खिडकीवरचा माणूस हसला. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘साहेब, यातलं मला कोण काय म्हणतं? मला तर सगळे ए बाई म्हणतात.’ खिडकीवरचे हसू थांबले. सूचनेचा अर्थ मावशींनी अक्षरशः घेतला, हे खरे. पण त्या कागदाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते त्यांनी दिले असे आम्हाला वाटते.

सगळ्यांत मोठा सांगकाम्या

आता कचेरीत संगणक आला आहे. त्याच्याइतका सांगकाम्या माणसांत मिळणार नाही. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि तो नुसता टाइप केला, तर एक्सेल पुढची शून्ये गाळून टाकते. त्याच्या लेखी तो आकडा असतो आणि आकड्याच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. मग पैसे अडकतात आणि लाभार्थी खेपा घालतो. या खोडीतून मोठमोठे शास्त्रज्ञही सुटले नाहीत. माणसाच्या शरीरातील काही जनुकांची इंग्रजी लघुनावे ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकी. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ती नावेच बदलून घेतली. यंत्र सुधारेना, म्हणून शास्त्रज्ञांनी नावे सुधारली!

पण यंत्राला एक गोष्ट माफ आहे. ‘साहेब, म्हणजे नक्की काय करू?’ हे विचारायची त्याला सोय नसते. माणसाला आहे. मग माणूस का विचारत नाही?

विचारायची भीती

याचे उत्तर हसण्यासारखे नाही. गोरगरिबांना पिढ्यान्पिढ्या ऐकायला शिकवले गेले, विचारायला नाही. उलट विचारले की ‘अक्कल नाही का?’ हा शब्द ठरलेला. म्हणून माणूस मान डोलावतो, ‘हो, समजलं’ म्हणतो आणि घरी येऊन अंदाजाने वागतो.

दवाखान्यातून आणलेल्या बाटलीचेच घ्या. २००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा’ ही चिठ्ठी कमी शिकलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली. पण दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर केवळ ३५ टक्क्यांच्या आसपास लोकांना चार गोळ्या काढता आल्या. म्हणजे वाचता आले, पण करता आले नाही. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. इंग्रजीत ‘एकदा’ या अर्थी जो ‘वन्स’ शब्द लिहितात, नेमकी तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘अकरा’ म्हणून वाचली जातात. आपल्याकडे ‘एक चमचा’ म्हणजे कुणाच्या घरी चहाचा, तर कुणाच्या घरी भाजी वाढायचा. म्हणून पातळ औषध चमच्याने न देता बाटलीबरोबरच्या खुणा केलेल्या टोपणाने मोजूनच द्यावे. हगवणीच्या वेळी द्यायची ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी मिसळायची असते आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे असते. पेलाभर पाण्यात ती ओतली, तर मिठाचे प्रमाण वाढून लेकराला अपाय होतो. पुडीवरचे वाचून कळले नाही, तर नर्सताईंना किंवा आशाताईंना विचारावे. त्यात कमीपणा कसला?

आणि जिथे न विचारता हुकूम पाळल्याने थेट जीव जातो, ती जागा आपल्या लोकांना फार ओळखीची आहे. मुकादम म्हणतो, ‘उतर खाली, दोन मिनिटांचं काम आहे.’ माणूस गटारात उतरतो आणि विषारी वायूने तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ही रक्कम ३० लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. ‘साधने कुठे आहेत?’ हा एक प्रश्न उतरण्याआधी विचारता आला पाहिजे. तो विचारणाऱ्याच्या मागे सगळी वस्ती उभी राहिली पाहिजे. एकट्याने विचारले तर रोजगार जातो, हे आम्हालाही ठाऊक आहे.

तराफा डोक्यावर घेऊ नका

शब्दापेक्षा हेतू मोठा, हे खुद्द तथागतांनी स्वतःच्या शिकवणुकीविषयीही सांगून ठेवले आहे. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दाखला आहे. एका माणसाने गवत-काटक्यांचा तराफा बांधून पाणी पार केले. याने आपल्यावर फार उपकार केले, म्हणून पलीकडे गेल्यावर तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणाल का? तराफा तरून जाण्यासाठी असतो, मिरवण्यासाठी नव्हे. त्याच सुत्तात विषारी सापाचाही दाखला आहे. साप शेपटीकडून धरला तर उलटून डसतो. शिकवण चुकीच्या टोकाने धरली तर तसेच होते. जिथे धम्माच्या वचनालाही हेतू विचारायचा, तिथे मुकादमाच्या, साहेबाच्या आणि छापील अर्जाच्या वचनाची काय कथा?

तेव्हा, माता-भगिनींनो आणि बंधूंनो, काही साध्या गोष्टी घरापासून सुरू करू या. काम सांगताना ते कशासाठी आहे, हे एका वाक्यात जोडावे. ‘गॅस बघ’ म्हणण्यापेक्षा ‘दूध उतू जाईल, गॅस बघ’ म्हणावे. मग पोर नुसते बघत उभे राहणार नाही. सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्यापेक्षा ‘आता तू काय करणार, ते मला सांग’ म्हणावे. चांगले डॉक्टरही रुग्णाकडून असेच वदवून घेतात. औषधाची चिठ्ठी असो की कर्जाचा कागद, खिडकी सोडण्यापूर्वी आपल्या भाषेत परत बोलून दाखवावे आणि ‘असंच ना?’ विचारावे. मागची रांग ओरडेल, ओरडू द्यावी.

आणि लेकराने ‘का?’ विचारले तर ‘सांगितलं तेवढं कर’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. आज घरात ‘का?’ विचारायला शिकलेले लेकरू उद्या कारखान्यात, दवाखान्यात आणि कचेरीच्या खिडकीवर विचारायला कचरणार नाही. आपल्या घरात नाम्या पुष्कळ झाले. आता विचारणारे वाढू द्या.